वाचकांचे आरोग्यप्रश्न : कोविडच्या काळात राहून गेलेली कर्करोग तपासणी

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. वय ४८. गर्भाशयमुखाची तपासणी २०१६ मध्ये एका शिबिरात झाली होती; व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने केलेली तपासणी) निगेटिव्ह होती. मार्च २०२० मध्ये पुन्हा करून घ्यायचे ठरवले, तर टाळेबंदी लागली. पुढे कोविड वॉर्डाची ड्यूटी, लसीकरणाची सत्रे, मध्येच २०२१ चा महापूर, आणि ते जे राहिले ते आजतागायत राहूनच गेले. त्रास काही नाही. ज्या टेबलावर मी रोज बायकांना तपासणीसाठी घेते, त्याच टेबलावर सहकाऱ्यांसमोर स्वतः झोपायचा संकोच वाटतो, हेही कबूल करते. या दिरंगाईने धोका किती वाढला असेल? आता कोणती तपासणी करावी?

उत्तर : २०२० मध्ये आपण थांबलात ते योग्यच झाले. चाळणी तपासणी ही कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांसाठी असते आणि त्या महिन्यांत निरोगी बाईला रुग्णालयात बोलावणे हाच मोठा धोका होता. अनेक देशांनी आपले तपासणी कार्यक्रम तेव्हा थांबवले होते. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग तयार व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात, त्यामुळे वर्ष-दीड वर्षाच्या विलंबाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र हिशेब शेवटच्या तपासणीपासून मांडायचा असतो. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील स्त्रीची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. म्हणजे त्या मार्चमध्ये आपली मुदत संपलेलीही नव्हती; ती संपली २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या वर्षी. लाट ओसरल्यानंतरची वर्षे महामारीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत, एवढे स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे.

तरीही सगळा दोष आपल्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे या तपासणीची सुरुवात आशाताईंच्या घरभेटीपासून होते. त्या तिशीवरील प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरतात आणि पुढे आरोग्य केंद्रात पाठवतात. आशाताई दारात येतात तेव्हा परिचारिका ड्यूटीवर असते किंवा रात्रपाळी करून झोपलेली असते. रुग्णालयाच्या शिबिराची नोंदवही भरते ती बाहेरून आलेल्या बायकांच्या नावांनी. त्यामुळे गावाच्या यादीत आपण नाही आणि दवाखान्याच्या यादीतही नाही. सर्वसाधारण चित्रही बरे नाही : २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के होत्या. परिचारिकांना या आजाराची माहिती भरपूर असते, पण स्वतःची तपासणी करून घेणाऱ्या त्यांच्यातही कमीच आढळतात. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि साखर पाहिली जाते, तिथेच ही तपासणीही असावी असे माझे मत आहे. ती प्रत्येकीच्या सवडीवर सोडली की राहून जाते.

आता कोणती तपासणी, ते पाहू. व्हीआयएमध्ये तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात, हे आपण जाणताच. पण पाळी जाण्याच्या सुमारास, म्हणजे आपल्या वयाच्या आसपास, जिथे बदल सुरू होतात तो भाग गर्भाशयमुखाच्या आत सरकू लागतो. तो नजरेला दिसत नसेल तर निगेटिव्ह निष्कर्षावर पूर्ण विसंबता येत नाही. म्हणून आपण एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू, शोधणाऱ्या डीएनए चाचणीचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात हीच चाचणी प्राधान्याने सुचवली आहे आणि ती निगेटिव्ह आल्यास पुढची चाचणी पाच ते दहा वर्षांनी केली तरी चालते. तिचा पुरावा तर आपल्याच राज्यातला आहे : तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आपल्या संकोचावरही यात उपाय आहे. या चाचणीचा नमुना स्त्रीला मऊ ब्रशने किंवा स्वॅबने स्वतःच घेता येतो. टेबल नको, सहकारी नको. चाचणी पॉझिटिव्ह आली तर तो कर्करोग नव्हे, पुढे कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी) किंवा व्हीआयए करून खात्री करायची असते. एचपीव्ही चाचणीची सोय मिळालीच नाही तर पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून तपासणे) करावी, आणि आपल्याच रुग्णालयात करण्याची सक्तीही नाही. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात किंवा कोल्हापुरात जाऊन करता येते. त्याच फेरीत डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी करून घ्यावी आणि मॅमोग्राफीबद्दलही (स्तनांची एक्स-रे तपासणी) विचारावे. मध्येच संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा स्तनात गाठ आढळली, तर चाळणी तपासणीची वाट न पाहता लगेच निदानासाठी जावे.

प्रश्न : मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, वय ५२. २०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यानंतर लगेच मॅमोग्राफी झाली, त्यात काखेतली ग्रंथी वाढलेली दिसली. फेरतपासणीत ती नाहीशी झाली, पण त्या धास्तीने पुढे मॅमोग्राफी केलीच नाही.

उत्तर : लस ज्या दंडात घेतली त्या बाजूच्या काखेतील लसिका ग्रंथी काही काळ सुजणे हा प्रतिकारशक्तीचा नेहमीचा प्रतिसाद आहे. १६ जानेवारी २०२१ पासून लस सर्वांत आधी आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मिळाली, त्यामुळे हा गोंधळही आधी त्यांच्याच वाट्याला आला. त्या वेळी लशीनंतर चार ते सहा आठवडे थांबावे असा सल्ला दिला जाई. पुढे, लशीसाठी मॅमोग्राफी लांबवू नये, फक्त लशीची तारीख आणि दंड कोणता ते सांगावे, असे ठरले. ग्रंथी गेलेली आहे. आपल्या वयाला दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी उपयुक्त ठरते, तेव्हा जुना अहवाल बरोबर घेऊन जावे.

प्रश्न : मी शाहूवाडी तालुक्यात आशा आहे. लोकांना तंबाखू सोडा म्हणून सांगते, पण लहानपणापासून मिश्री लावायची माझी सवय सुटलेली नाही. कोविडमध्ये तोंडाला सतत मास्क, त्यामुळे तोंड कुणी पाहिलेच नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, दुखत नाही.

उत्तर : न दुखणे ही खात्री मानू नये, तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे बहुधा दुखत नाहीतच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती दातांना लावली तरी रस हिरडीतून आणि गालातून शोषला जातो. आपल्या बाबतीत आता पाच वर्षांनी एकदा होणाऱ्या तपासणीचा प्रश्नच उरत नाही, कारण चट्टा दिसतो आहे. मोठ्या उजेडात आरसा धरून तो लाल आहे का, खरखरीत आहे का, तोंडात तीन बोटे उभी शिरतात का हे पाहावे. पण उत्तर काहीही आले तरी याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावे. डॉक्टरांना गरज वाटल्यास ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. मिश्री मात्र त्या निकालाची वाट न पाहता आजच बंद करावी. ती थांबल्यावर असे काही चट्टे आपोआप कमी होतात, तरीही दाखवणे टाळू नये.