इंदूरची आई, टोरांटोची लेक आणि मधली वहिनी

टोरांटोहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. माहेर इंदूरचं, लोकमान्य नगरातलं. वडील दीड वर्षापूर्वी गेले. पंच्याहत्तरीच्या आई भाऊ-वहिनींजवळ राहतात. वर्षानुवर्षं न चुकवलेलं भजनी मंडळ त्यांनी दिवाळीपासून सोडलं आहे. रात्री दूध-पोळी खाऊन लवकर पडतात आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. कधी गुडघे, कधी पित्त, कधी छातीत धडधड. जवळच्या डॉक्टरांनी ‘वयोमान’ म्हणून सोडून दिलं. व्हिडिओ कॉलवर मात्र ‘माझं काय, मी मजेत!’ इकडे लेकीची झोप उडाली आहे. ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीतच रडू फुटतं. त्यातच वहिनी परवा म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही चौकशी करता, पण करायचं आम्हालाच असतं.’ तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. शेवटी ताई विचारतात, आईला इकडे घेऊन येऊ, की मीच नोकरी सोडून इंदूरला येऊ?

ताई, हे दोन्ही प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आईंना नेमकं काय होतंय हे कळण्याआधी कोणीच कुठे हलायचं नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा मला नुसत्या वयाच्या वाटत नाहीत. आवडीची गोष्ट सुटणं, जेवण तुटणं, पहाटे उठल्यावर पुन्हा डोळा न लागणं, अंगाची रोज नवी तक्रार... उतारवयात नैराश्य बऱ्याचदा असंच येतं. ‘मला उदास वाटतंय’ असं आपल्या आया सहसा म्हणत नाहीत. उदास वाटतं म्हटलं तर ‘देवाचं नाव घे’ हे उत्तर मिळायचं आणि गुडघा दुखतो म्हटलं तर कोणीतरी तेल लावायला जवळ बसायचं. म्हणून त्यांचं दुखणं खोटं समजू नका. मन खचलं की अंगही खरोखर जास्त दुखतं.

वडील गेल्याचं दुःख आहेच, ते कसं वेगळं ओळखायचं? दुःखातला माणूस रडतो, पण यजमानांची एखादी सवय सांगताना मध्येच हसतोही. नातवाचा आवाज ऐकला की खुलतो, कोणी आवडीचं वाढलं तर दोन घास जास्त खातो. नैराश्यात हे खुलणं बंद होतं आणि ‘मी सगळ्यांना जड झालेय’ हे वाक्य फिरून फिरून येतं. असं दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराचसा वेळ चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. आईंचं तर दिवाळीपासून चाललं आहे. आता वाट पाहू नका.

सुरुवात फिजिशियनपासून करा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियम या साध्या रक्ततपासण्या आधी होऊ देत. शाकाहारी घरांतून बी-१२ कमी असणं फार आढळतं आणि त्यानेही थकवा, विसर, उदासी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं आणि वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागतो. छातीत धडधड आहे म्हणता, तेव्हा ईसीजीही होऊन जाऊ दे. कानही तपासून घ्या. ऐकू कमी यायला लागलं की माणूस चारचौघांत जाणं टाळतो, आणि भजनी मंडळ सुटण्यामागे तेवढंच कारण निघालं तर त्याच्याइतकी चांगली बातमी नाही.

हे सगळं ठीक निघालं, तर मनोविकारतज्ज्ञ. इथे घरातून विरोध होईल. इंदूरच्या जुन्या माणसांना मनाचा डॉक्टर म्हटलं की बाणगंगेचं रुग्णालय आठवतं, आणि तिथे गेलेला माणूस वेडा ठरतो ही भीती अजून घट्ट आहे. आईंना सांगा की अशा तक्रारींची बहुतेक माणसं ओपीडीत दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतात. ‘झोपेचं आणि भुकेचं दाखवून येऊ’ असं म्हणून त्यांना न्यायलाही हरकत नाही, कारण ते खरंच आहे. फक्त दवाखान्यात पोहोचेपर्यंत डॉक्टर कशाचे आहेत हे लपवू नका. एकदा फसवलं गेलं की पुढच्या वेळी त्या गोळी घेणार नाहीत. डॉक्टरांना विचारून भेटीच्या वेळी तुम्ही व्हिडिओवर हजर राहा. लक्षणांची नोंद आधी लिहून भावाकडे द्या: झोप किती, जेवण काय, कधीपासून. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘सगळं बरं आहे’ म्हणणारी आई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

औषध सुरू झालं तर परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद होतं आणि बरं वाटल्यावर पुन्हा मनानेच बंद होतं. या दोन्ही वेळी लक्ष ठेवणारं माणूस हवं. आणि मेडिकलवरून कोणी परस्पर झोपेची गोळी आणून देत असेल, तर ते आधी थांबवा. अशा गोळ्यांची सवय लागते, आणि या वयात रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याचा धोका त्यांच्यामुळे वाढतो. मात्र बरेच दिवस रोज घेत असतील, तर एकदम तोडायच्या नाहीत. त्या कमी कशा करायच्या ते डॉक्टर सांगतील.

आता तुमच्या फोनबद्दल. तुम्ही रात्री साडेनऊला फोन करता, म्हणजे हिवाळ्यात इंदूरला सकाळचे आठ. त्या वेळी घरात पोहे, डबे, पाणी, कचरागाडी अशी गडबड असते. आई वहिनींसमोरच बोलतात, मोकळं काही सांगत नाहीत, आणि तुम्ही त्यांचा उतरलेला चेहरा घेऊन झोपायला जाता. ही वेळ बदलून बघा. तुमचे सकाळचे आठ म्हणजे इंदूरला हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच. दिवेलागणीची वेळ. जोडीदार गेलेल्या माणसाला घर खायला उठतं ते याच वेळी. दहा मिनिटं पुरेत, पण रोजची.

त्या दहा मिनिटांत तपासणी नको. ‘गोळी घेतली का, जेवलीस का, फिरून आलीस का’ या प्रश्नांना आई हो म्हणून मोकळी होते. त्याऐवजी काही मागा. चिंच-गुळाच्या आमटीचं प्रमाण विचारा, सुनेला दिलेल्या पाटल्या कोणत्या सोनाराकडच्या होत्या ते विचारा, नातवाला मराठीत एक गोष्ट सांगायला लावा. आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीव या वयात फार मोठं काम करते. बाबांचं नावही टाळू नका. आई रडेल म्हणून मुलं वडिलांचा विषय काढत नाहीत, लेक रडेल म्हणून आई काढत नाही, आणि दीड वर्षात त्या माणसाबद्दल घरात कोणी बोललेलंच नसतं.

आणि तुमचंही थोडं खरं सांगा. सगळं नाही. ‘आई, या थंडीत मला झोप येत नाही गं, थकल्यासारखं होतं’ इतकं पुरे. लेक कधीच थकत नाही असं दिसलं की आईही स्वतःचं थकणं लपवते.

भजनी मंडळाबद्दल ‘जात जा ना’ म्हणू नका. मन खचलेल्या माणसाला आधी उत्साह येतो आणि मग तो उठतो, असं होत नाही. आधी उठणं होतं आणि उत्साह मागाहून येतो. समुपदेशक या क्रमावर उपचारही करतात. म्हणून मंडळातल्या एखाद्या मावशींना तुम्हीच फोन करा आणि आईला घ्यायला घरी यायला सांगा. पहिल्यांदा अर्धाच तास बसून परतली तरी चालेल. ‘सानंद’ या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला तीन तास बसवणं सध्या जमणार नाही, ते नंतर.

वहिनींवर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात त्या दोनच ओळींत येतात आणि दोन्ही ओळी तक्रारीच्या आहेत. त्या ‘तुम्ही चौकशी करता’ म्हणाल्या ते कडू आहे, पण खरं आहे. पहाटे तीनला आई उठल्या की दिवा वहिनींच्या खोलीत लागतो. पथ्याचं वेगळं त्या करतात, दवाखान्याच्या रांगेत त्या बसतात, आणि मग टोरांटोहून फोन येतो: ‘वहिनी, आईला बदाम देतेस का? रोज उन्हात बसवत जा.’ इंटरनेटवर वाचलेली चांगली सूचनाही ज्याचे हात भरलेले आहेत त्याला ओझंच वाटते. सतत आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना स्वतः नैराश्य आणि चिंता जडणं हे नेहमी आढळतं. उद्या वहिनी खचल्या तर आईंचा उपचार ठप्प होईल. हे स्वार्थाचं कारण झालं. खरं कारण असं की त्याही कोणाची तरी लेक आहेत.

तेव्हा अबोला तुम्ही मोडा, आणि त्या फोनवर आईंचा विषय काढूच नका. ‘तू कशी आहेस, झोप होते का’ एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. त्या चिडल्या तर चिडू द्या. सफाई देऊ नका, ‘मी पैसे पाठवते ना’ तर मुळीच नको. नंतर कामं वाटून घ्या, आणि लांबून होण्यासारखी सगळी तुम्ही उचला. डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट एकत्र ठेवणं, औषधं घरपोच मागवणं, विजेचं बिल, विम्याचे कागद. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. आईंची पॉलिसी त्या नजरेने वाचणं हे तुमचं काम. दिवसा काही तासांसाठी एखादी बाई ठेवता आली तर तिचा पगार तुम्ही द्या, पण बाई वहिनींच्या पसंतीची असू दे. आणि वर्षातून तुम्ही येता ते दिवस भाऊ-वहिनींना बाहेरगावी पाठवा. तुम्ही आलात की त्यांना पाहुणचाराचं आणखी एक काम लागतं, हे बहुतेक परदेशी लेकींच्या ध्यानात येत नाही.

आता तुम्ही. गाडीत रडू येणं, झोप न लागणं हे आईच्या काळजीने होतंच, पण त्यात टोरांटोच्या हिवाळ्याचाही वाटा असू शकतो. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. इंदूरला तेव्हाही साडेदहा तासांहून जास्त उजेड मिळतो. या ऋतूतल्या उदासीवर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसण्याचा उपाय डॉक्टर सुचवतात. डोळ्यांचा आजार असेल किंवा मन कधी अति उत्साहाकडे झुकत असेल, तर विचारल्याशिवाय वापरू नका. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चाला, ढग असले तरी. आणि दोन आठवड्यांची जी मुदत आईंना लावली, ती स्वतःलाही लावा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवायला पैसे पडत नाहीत, आणि ओंटारियोत सरकारी खर्चाने चालणारा समुपदेशनाचा कार्यक्रमही आहे. ऑफिसच्या विम्यात मानसोपचाराची काही रक्कम असेल, तर ती वापरा.

एक अवघड गोष्ट. आई ‘आता जगून काय करायचं’ म्हणतात, असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलं आहे. हे वाक्य आपल्याकडे म्हातारी माणसं सहज बोलतात म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा: ‘आई, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा त्या गोळ्या साठवताहेत, दागिने वाटून टाकताहेत, निरोपाचं बोलताहेत असं दिसलं, तर त्यांना एकटं ठेवायचं नाही, औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भाऊ, वहिनी आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये आजच जायला हवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, हिंदीत बोलता येतं आणि मराठीतही. जिवाशी गाठ असेल तर ११२.

तुमच्यावरच तशी वेळ आली तर कॅनडात ९८८. फोन करा किंवा मेसेज पाठवा. अमेरिकेतल्या वाचकांसाठीही हाच नंबर आहे. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४. तातडी नसेल तर इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे समुपदेशनासाठी, जीपीच्या (फॅमिली डॉक्टरांच्या) चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. ऑस्ट्रेलियात मात्र मानसोपचाराच्या फीमध्ये सरकारी सवलत हवी असेल, तर आधी जीपीकडून उपचारांचा आराखडा करून घ्यावा लागतो.

आणि आईंना तिकडे नेण्याचं? कॅनडाच्या सुपर व्हिसावर (तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीच्या व्हिसावर) एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं हे खरं. पण खचलेल्या मनाने, डिसेंबरात, जिथे बाहेर पडता येत नाही आणि दिवसभर घरात बोलायला कोणी नाही अशा घरी त्यांना नेऊ नका. लोकमान्य नगरच्या गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारी माणसं आहेत, आणि बरं होताना त्यांची गरज लागेल. औषध लागू पडलं, भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं, की मे-जूनमध्ये दोन महिन्यांसाठी बोलवा. परतीचं तिकीट काढूनच बोलवा आणि तारीख त्यांना आधी सांगा. राहायचं की नाही ते तेव्हा त्याच ठरवतील. तुमच्या राजीनाम्याचा विचारही त्यानंतर करू. रक्ताचे रिपोर्ट आले की मला कळवा.