कुंड्या यादीत लिहू नकोस

प्रिय मुली,

अर्ज दाखल झाला आणि आता सहा महिने नुसतं थांबायचं, म्हणून काल फोनवर रडलीस. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब मध्ये संमतीच्या घटस्फोटाला ही मुदत आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माफ करण्याची वाट मोकळी केली, पण प्रकरण पाहून. वकिलांना विचारून घे. माझ्या वेळी तेही नव्हतं. मी ते दिवस इथेच नाशिकला, इंदिरानगरात भाड्याच्या खोलीत काढले, गॅलरीत एक मोगरा आणि एक गुलाब घेऊन.

झाडांनी दुःख बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठून कुंडीतली माती बोटाने चाचपायची असते. ओली की कोरडी, एवढंच ठरवायचं. त्या काळात मला तेवढंच ठरवता येत होतं.

गंगापूर रोडच्या नर्सरीत गेलीस की दहा कुंड्या उचलाव्याशा वाटतील. दोनच आण. तळाला भोक आहे ना, ते बघ. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्तीच्या पाण्यानेच मरतात, आणि रडत्या माणसाचा हात पाण्याला सैल असतो.

गुलाबाची छाटणी आत्ताच, पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात कर. धारदार कात्रीने, डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, जरा वर, तिरका काप. दीड महिन्यात फूल दिसेल. (या गावाला मोगल गुलशनाबाद, फुलबागेचं गाव म्हणत, तेव्हा गुलाब रुसणार नाही.) डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागेच्या खालून फुटवा आला तर लगेच काढ. तो खुंटाचा, कलमाखालच्या मूळ झाडाचा, रानटी. मी पहिल्या वर्षी ‘किती तरारलाय’ म्हणून तो कौतुकाने वाढवला आणि कलम गमावून बसले. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोड, पानं उतरव, छाट, शेणखत घाल, मग पाणी सुरू कर. उन्हाळा लागताना कळ्या धरतील.

इथे कुणीतरी तुला द्राक्षबागेचा दाखला देईलच: छाटल्याशिवाय घड नाही. मला तो कधी पटला नाही. बागायतदार एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची गोडी छाटणी दिवस बघून, मजूर ठरवून करतो, वर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतो. तुझ्यामाझ्यावर कात्री चालली तेव्हा असं कुणी काही बघितलं नव्हतं. ऐकून घे, मान हलव, चहा पी.

आणि सामानाच्या यादीत त्या घरातल्या कुंड्या लिहू नकोस. मी लिहिल्या होत्या. एका जास्वंदीवरून दोन तारखा भांडण झालं, आणि कुंडी हाती आली तेव्हा तिच्यात काटक्या उरल्या होत्या. भांडी माग, दागिने माग, कागदपत्रं तर आधी माग. जास्वंदीची फांदी माझ्याकडून ने.

रविवारी ये, उन्हं चढायच्या आत. जुनी साडी किंवा पोतं आण, गॅलरीत अंथरायला. खुरपी माझ्याकडे दोन आहेत.

तुझी,
मॅडम (अजून हेच म्हणतेस, म्हण)