घोड्याआधी हप्त्याचं बघा

प्रश्न: मारवाडी जातीचा तीन वर्षांचा घोडा आहे, खच्ची केलेला नाही. बाप लांब पल्ल्याच्या शर्यती पळालेला, आईबापांचे कागद आहेत. व्यापारी साडेचार लाख देतो. ठेवला तर लोकांच्या घोड्या फळवून (गाभण करून देऊन) वर्षाला चार लाख सुटतील, असं लोक म्हणतात. खुराक आणि पॉलिसीचा हप्ता यांसाठी सावकाराकडून 3 लाख घेतलेत, महिना 2 टक्क्यांनी. विकू का? (शिरपूर भागातून, वय 36, दोन मुलं)

उत्तर: विका. पण तुमचं खरं दुखणं पत्राच्या शेवटच्या ओळींत आहे.

महिना 2 म्हणजे वर्षाला 24 टक्के. पॉलिसीची प्रत पाहिली: हप्ता 60 हजार, 15 वर्षं, विमा 6 लाख, तीन हप्ते भरलेले. अशी पॉलिसी साधारण 5 टक्के देते. म्हणजे 60 हजारांवर 14,400 व्याज भरून 3 हजार कमवायचे! कर्ज काढून हप्ता भरायला लावणाऱ्या एजंटाने तुमचा घात केला आहे. आणि तुम्हाला काही झालं, तर 6 लाखांतून कर्ज फेडून घरात 3 लाख उरणार.

आधी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. तंबाखू नसेल तर वर्षाला 15 ते 18 हजार धरा. तो हातात आला की जुन्या पॉलिसीचं सरेंडर मूल्य, म्हणजे ती मोडली तर मिळणारी रक्कम, लेखी मागा. तीन हप्त्यांनंतर किमान 35 टक्के, म्हणजे 63 हजार मिळायला हवेत. पेड-अप ठेवलीत, म्हणजे न मोडता फक्त हप्ते थांबवलेत, तर विमा पाचव्या हिश्श्यावर, 1 लाख 20 हजारांवर येईल. नुकसान दोन्हीकडे आहे, पण चौथा हप्ता भरून ते वाढवू नका.

आता घोडा. घोडी 11 महिने गाभण. शिंगरू दोन वर्षांचं झाल्याशिवाय लोक बापाला जोखत नाहीत. तोवर तीन वर्षं. खुराक, निगा राखणारा मोतद्दार, नाल मिळून महिना 15 हजार धरले तरी 5 लाख 40 हजार, वर व्याजाचे 2 लाख 16 हजार. नाव नसलेल्या घोड्याकडे वर्षाला आठ-दहा घोड्या आल्या तरी पुष्कळ. शिवाय घोडी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की पुन्हा फुकट दाखवावी लागते.

पहिल्या आकड्यावर सौदा करू नका, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भाव काढा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना आधीच पाठवा, अहवालाला दिवस लागतात. दोन्ही अंड उतरलेत आणि वीर्य चांगलं आहे, असं पशुवैद्यकाकडून लिहून घ्या; अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या अशुभ म्हणून दाखवून भाव पाडणाऱ्यापुढे तो कागद कामी येतो. घरी घोडी असेल तर वर्षाला एक फळवणी फुकट, ही अट करारात घाला. साडेचार लाखांतले तीन त्याच दिवशी सावकाराला देऊन पावती घ्या, उरलेले बँकेत ठेवा. चेक नको. रक्कम खात्यात दिसेपर्यंत घोडा ठाणावरून सोडू नका.