गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या चक्कर का येते?
उभं राहिलं की साधारण 500 ते 800 मिली रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे कमी रक्त परततं, स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात हृदय बाहेर ढकलतं ते रक्त) घटतो. कॅरोटिड सायनसमधले (मानेतल्या मोठ्या धमनीचा फुगीर भाग) बॅरोरिसेप्टर, म्हणजे रक्तदाब जाणणारे सेन्सर, ते लगेच ओळखतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी सावरतं. बरीच उत्तरं इथेच थांबतात. पण विरार लोकलमध्ये पाय हलवायला जागा नाही, म्हणजे स्नायू आवळून रक्त वर ढकलणारा पोटऱ्यांचा पंप बंद. त्यात मेच्या उकाड्याने त्वचेतल्या वाहिन्या पसरलेल्या, घामाने पाणी गेलेलं. मग कधी उलटाच रिफ्लेक्स येतो: व्हेगसमुळे (हृदयाची गती कमी करणारी नस) नाडी मंदावते, बीपी कोसळतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि चक्कर येते. अंधारी आली की पोटऱ्या-मांड्या आवळून धरा. पडलेल्याला आडवं करून पाय उचला. लोक मायेने धरून उभं ठेवतात, त्यात मेंदूला रक्त मिळायला आणखी उशीर होतो.