मँडरीनचा रंग उडाला, आता काय?

प्रश्न : दादा, मखमलाबादला आमचा मळा आहे, तिथे हौसेने मँडरीन बदकांची जोडी पाळलीये. जूनपासून नराची सगळी पिसं गळायला लागली, ते केशरी शिडासारखे उभे पंख तर गेलेच, आता तो अगदी मादीसारखा दिसतोय आणि झुडपात लपून बसतो. खातो मात्र नीट. दुकानवाला म्हणतो कॅल्शियम द्या, मित्र म्हणतो व्हायरस आहे. काय करू?

उत्तर : काहीच करू नका, कॅल्शियमचे पैसे वाचवा. विणीचा सीझन संपला की मँडरीनचा नर दरवर्षी हे कपडे उतरवतो, कॅरोलिना बदकाचा नर पण तसंच करतो. ओळख चोचीवरून पटेल बघा, नराची चोच लालसरच राहते, मादीची राखाडी. या काळात उडायची मोठी पिसं एकदमच गळतात, महिनाभर त्याला उडताच येत नाही म्हणून तो बिचारा लपतो. आडोसा द्या, सारखं हातात घेऊ नका, दसरा-दिवाळीपर्यंत नवरदेव परत तयार. खाणं बंद झालं, मान टाकली किंवा हिरवी पातळ शीट दिसली तरच डॉक्टर गाठा.

खरी काळजी दुसरीच आहे. विकताना एका बाजूची पिसं कात्रीने कापून दिली असतील तर ती पण आता नवीन येणार, म्हणजे ऑक्टोबरात एका सकाळी तुमचा नर भुर्र. तेव्हा वरून जाळी आत्ताच टाकून घ्या, आणि जाळी बारीक भोकाची घ्या कारण मुंगूस कुठूनही घुसतं. (बिबट्याचं मी बोलतच नाही, नाशिककरांना ते सांगायला नको.)

प्रश्न : निफाडकडे एक जण हळदी-कुंकू बदकाची पिल्लं विकतोय, म्हणतो गावठीच आहेत, घरात वाढलेली. घेऊ का?

उत्तर : अजिबात नाही. हळदी-कुंकू, अडई, चक्रवाक, थापट्या ही सगळी रानबदकं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, पकडणं, विकणं, पाळणं सगळाच गुन्हा, आणि घरात वाढवली म्हणून ती गावठी होत नाहीत. नांदूर मध्यमेश्वर तुमच्या तालुक्यातच आहे, राज्यातली पहिली रामसर साइट (म्हणजे जगाने मानलेली महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे दुर्बीण घेऊन जा की! विकणाऱ्याबद्दल वनखात्याच्या 1926 नंबरवर कळवा. हौसच असेल तर पेकिन, रनर, मस्कोव्ही असली पाळीव जात घ्या. फक्त जास्त झाली म्हणून धरणात नेऊन सोडू नका, लोक हे सर्रास करतात आणि वर पुण्य समजतात. मस्कोव्ही वगळता बाकी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली, त्यांची हळदी-कुंकूशी जोडी जमते आणि रानातली जात भेसळ होते. शिवाय बर्ड फ्लूचं आहेच, 2006 ला नवापूरला तो आला तेव्हा काय झालं ते पोल्ट्रीवाल्यांना विचारा. बदक स्वतः ठणठणीत दिसतं आणि रोग पसरवत फिरतं.

प्रश्न : पिल्लांचे पाय वाकतायत. खायला मका भरडा, शेंगदाणा पेंड आणि उरलेला पाव देते. चुकतंय का काही? (सिडको)

उत्तर : हो ताई, पाव आधी बंद करा. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (बी-3 जीवनसत्त्व) बरंच जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय असे होतात. चांगलं स्टार्टर फीड आणि त्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट मिसळा, लवकर सुरू केलं तर फरक पडतो. पेंडीचं मला जास्त भ्या वाटतं. पावसाळ्यात पेंडीला आणि मक्याला बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर मारतं. 1960 ला इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकांची पिल्लं अशाच शेंगदाणा पेंडीने पटापट मेली, त्यावरूनच तर हे विष सापडलं. पोत्याला कुबट वास आला की ते उन्हात वाळवून वापरायचं नाही, उन्हाने विष जात नाही, सरळ खड्ड्यात पुरा. आणि पाण्याचं भांडं एवढं खोल ठेवा की पिल्लाची चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण पिल्लू बुडणार नाही.