आधी शुगर विचार, कलम नंतर

प्रिय पोरा,

तुझा मेसेज बघितलो. पहिल्यांदाच एकट्यानं रात्री स्टेशनला गेलास आणि अटक बेकायदेशीर कशी यावर पीएसआयबरोबर अर्धा तास भांडलास म्हणायलास, बरं केलास, पण आतल्या माणसाला शुगर आहे का विचारलास काय? नाही ना. मीपण सुरवातीला विचारत नव्हतो.

एका वर्षी काळ्या दिनाच्या, म्हणजे कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागातली मराठी माणसं एक नोव्हेंबरला निषेध पाळतात त्याच्या, आदल्या रात्री खानापूरकडच्या एका काकांना उचलून आणलेले. संध्याकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवायची गोळी घेतलेली आणि घरात ताट वाढायलेत तोवर जीप दारात. मी गेलो तर काका घामानं ओले, हात थरथरायलेत, बोलणं लडबडलेलं, आणि हवालदार म्हणतो, कुडदानरी. प्यायला म्हणे! तोंडाला वास कसला नाही. टपरीवरनं चहा आणून त्यात वर चार चमचे साखर घालून पाजलो तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी माणूस नीट बघायला लागला. मग दवाखान्यात शुगर मोजली तर तेव्हापण 58, आणि 70 च्या खाली गेली की धोकाच. हे ध्यानात ठेव, या गोळीचा असर तासन् तास राहतो, चहा पिऊन उठून बसला म्हणून सोडायचं नाही, जेवण पाहिजे आणि परत परत मोजायला पाहिजे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ 108.

टाइप वनचं, म्हणजे इन्सुलिनवरच जगणारं पोरगं असेल तर याच्या उलट, शुगर चढायची भीती. इन्सुलिन चुकलं तर एका दिवसातपण उलट्या, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, आणि यालापण दारूच समजतात. ते चहापाण्याचं काम नाही, ड्रिप लागते.

आता कागद. घरच्यांकडनं डॉक्टरच्या चिठ्ठीचा आणि औषधाच्या बॉक्सचा फोटो मागव, कुठलं इन्सुलिन, किती युनिट, शेवटचं कधी घेतलं, शेवटचं कधी जेवला हे सगळं अर्जीत घाल, दोन कॉपी, एकीवर स्टेशन रायटरची, म्हणजे तिथल्या लिहिणाऱ्या पोलिसाची सही आणि वेळ. अर्जी कन्नडमधे लिही रे. भाषेच्या हक्काचं आपण दिवसा भांडू, रात्री दोनला ननग शुगर ऐत्रि, मला शुगर आहे, एवढं समोरच्याला कळलं तरी पुरे. सुई आत देत नाहीत, मग इन्सुलिन टेबलाजवळ ठेवा आणि जेवणाआधी द्यायची सोय करा म्हण. फ्रिज नाही म्हणतील. वापरात असलेली बाटली सावलीत चार आठवडे टिकते, उन्हात जीपमधे नको म्हणजे झालं.

कलमं दोनच. बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता, तिचं 53, अटक झाली की डॉक्टरी तपासणी आणि रिपोर्टची कॉपी आपल्याला. आणि 56, ज्याच्या ताब्यात माणूस त्याच्यावर तब्येतीची जबाबदारी, हेच जुन्या सीआरपीसीचं 55-ए. वर सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल, 1997, कस्टडीत दर 48 तासांनी तपासणी. आवाज चढवू नको, अर्जीतच नंबर घाल. मॅजिस्ट्रेटसमोर नेतील तेव्हा औषधाचं आधी बोल आणि ऑर्डरमधे लिहून घे, हिंडलग्याच्या जेलला पाठवले तर तिथल्या डॉक्टरला तो कागद दाखवता येतो.

माझं ग्लुकोमीटर ऑफिसच्या दुसऱ्या ड्रॉवरमधे आहे, घेऊन जा. स्ट्रिप्सची तारीख तेवढी बघ, मागच्या पावसाळ्यातल्या असतील.

तुझा काका