रिफंड अडकलाय? आधी बँकेचं खातं तपास

नाशिकच्या अंबड-सातपूरला नोकरीला लागलेली बरीच पोरं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून मोकळी होतात, आणि जादा कापलेल्या कराचा रिफंड नाही आला की गडकरी चौकातल्या इन्कम टॅक्स ऑफिसात सुट्टी घेऊन जायचं म्हणतात. थांब जरा. रिटर्नची प्रोसेसिंग बेंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे खात्याच्या प्रोसेसिंग केंद्रात होते, तेव्हा आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन कर.

रिटर्न ई-व्हेरिफाय झालंय का, म्हणजे ते तूच भरलंस याची ऑनलाइन खातरजमा केलीस का? मुदत रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांची. व्हेरिफाय नसेल तर ते धरलंच जात नाही. ते झालं असेल तर बहुतेक वेळा घोळ बँकेच्या खात्यात निघतो. खातं प्रीव्हॅलिडेट, म्हणजे पोर्टलवर आधी तपासून घेतलेलं हवं, पॅनवरचं आणि पासबुकावरचं नाव जुळायला हवं. बँकांची विलीनीकरणं झाली तिथे आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोडही बदललाय. देना बँकेचा जुना कोड आता कुठला चालणार! 'रिफंड फेल्ड' दिसलं तर खातं दुरुस्त करून सर्व्हिसेसमधून रिफंड रीइश्यूची, म्हणजे तो पुन्हा पाठवण्याची विनंती टाक. पॅन-आधार लिंकही बघून घे.

कराची जुनी थकबाकी दाखवून रिफंड त्यात वळता करायची नोटीस आली असेल, तर मुदतीत उत्तर दे. पटत नसेल तर तसं कळव. गप्प बसलास तर पैसे वळते होतात.

उशिराचं व्याज महिन्याला अर्धा टक्का मिळतं, पण रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर नाही. त्या व्याजावरही कर लागतो बरं का, पुढच्या रिटर्नमध्ये दाखव.

आणि हे पैसे हातात येईपर्यंत घरभाड्याच्या हिशेबात धरू नकोस. 'रिफंड मंजूर, इथे क्लिक करा' असा मेसेज आला तर सरळ डिलीट.